बाळाचे पाय फेंगडे का दिसतात?

मूल उभे राहून पहिली पावले टाकू लागले की घरातील साऱ्यांच्या नजरा त्याच्या पायांकडे वळतात. दोन्ही घोटे जवळ, गुडघे मात्र एकमेकांपासून दूर आणि मध्ये कंसासारखी पोकळी, अशी ठेवण पाहून कुणी तरी सहज म्हणून जाते, 'पाय जरा फेंगडे वाटतात नाही?' तेवढ्यावरून आईवडिलांच्या मनाला घोर लागतो. मालीशवाल्या बाईला पाय 'जरा जोर लावून' ओढण्यास सांगितले जाते, रात्री पाय दुपट्याने एकत्र बांधले जातात, औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली येते आणि पुढे कुणाच्या तरी सांगण्यावरून जाडजूड चामडी बुटांची चौकशी सुरू होते. याउलट काही घरांत 'आपोआप सरळ होतील' एवढेच म्हणून विषय मिटवला जातो आणि मूल तीन-चार वर्षांचे झाले, तरी त्याला डॉक्टरांना दाखवले जात नाही.

या दोन्ही टोकांमध्ये एकच गोष्ट हरवते, ती म्हणजे मुलाचे वय. एक वर्षाच्या मुलात जो बाक सर्वस्वी स्वाभाविक असतो, तोच साडेतीन वर्षांच्या मुलात आजाराचे लक्षण ठरू शकतो. पायांची वाढ ठरावीक क्रमाने होते. तो क्रम ठाऊक असेल तर कधी निश्चिंत राहावे आणि कधी तातडीने तपासणी करावी, हे पालकांना बऱ्याच अंशी घरीच समजू शकते.

गर्भाशयातील घडी

गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत बाळाला हातपाय पसरण्यास जागा नसते. मांड्या पोटाशी दुमडलेल्या, गुडघे वाकलेले, पावले आत वळून एकमेकांवर आलेली, अशा स्थितीत ते अनेक आठवडे राहते. नडगीच्या हाडाला त्यामुळे आतल्या बाजूस थोडा पीळ पडतो आणि खुब्याचे सांधे बाहेरच्या दिशेला वळलेले राहतात. जन्मानंतर ही घडी एका दिवसात उलगडत नाही. खुबे बाहेर आणि नडग्या आत वळलेल्या असल्याने पायांतील मूळचा बाक प्रत्यक्षापेक्षा अधिक भासतो. पोटऱ्यांच्या बाहेरच्या अंगाची गुबगुबीत चरबी त्यात भर घालते. निजलेल्या बाळाच्या बाबतीत हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. मूल उभे राहिले, की पाय प्रथमच सरळ समोरून दिसतात आणि बाक 'अचानक आला' असे वाटते. वस्तुतः तो जन्मापासूनच असतो.

फिनलंडमधील सालेनियस आणि वांक्का या दोन डॉक्टरांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात आजही प्रमाण मानला जातो. त्यांनी १२७९ मुलांच्या १४८० तपासण्यांमधून मांडी व नडगी यांच्यातील कोन वयानुसार मांडला. नवजात बाळात हा कोन सुमारे १५ अंशांनी बाहेर झुकलेला आढळला. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान पाय जवळजवळ सरळ रेषेत येतात. गंमत अशी की, ते तेथे थांबत नाहीत. बाक उलट दिशेला जातो, गुडघे जवळ येतात व घोटे दूर राहतात. तीन वर्षांच्या आसपास ही स्थिती सर्वाधिक, म्हणजे सुमारे १० ते १२ अंश असते. त्यानंतर पुन्हा ती कमी होत जाऊन सहा-सात वर्षांच्या सुमारास प्रौढांमध्ये असतो तसा पाच-सहा अंशांचा किंचित आतला कल शिल्लक राहतो. वेगवेगळ्या देशांतील मोजमापांत अंश आणि महिने थोडेफार बदलतात, क्रम मात्र तोच राहतो.

म्हणजे ज्या आईने दीड वर्षाच्या मुलाचे पाय फेंगडे म्हणून काळजी केली, तिलाच दोन वर्षांनी त्याच मुलाचे गुडघे एकमेकांवर आपटतात म्हणून काळजी वाटू लागते. दोन्ही वेळा मूल निसर्गक्रमानुसारच वाढत असते.

हे हाड स्वतःहून सरळ होते तरी कसे? मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चेची चकती असते. पायाच्या एकूण लांबीपैकी सुमारे दोनतृतीयांश वाढ गुडघ्याच्या वरच्या व खालच्या चकतींतून होते. म्हणूनच पायांतले बहुतेक बाक गुडघ्याभोवती दिसतात आणि तेथेच सुधारतातही. १८६२ मध्ये ह्यूटर आणि फोल्कमान या जर्मन शल्यविशारदांनी मांडलेला नियम असा की, या चकतीवर सतत अधिक दाब पडला तर त्या बाजूची वाढ मंदावते आणि दाब कमी झाला तर ती वेग घेते. निरोगी हाडाला चालण्या-धावण्यातून पडणारा दाब स्वतःची रेषा सावरण्यास मदत करतो. हाड मऊ पडलेले असले किंवा बाक मर्यादेपलीकडे गेला, तर मात्र हाच दाब बाक वाढवत नेतो. एका मुलाचे पाय आपोआप सरळ होतात आणि दुसऱ्याचे अधिक वाकतात, यामागील एक मुख्य कारण हे आहे.

घरच्या घरी पाहणी

मुलाला सपाट जागी उताणे निजवून पाय सरळ करावेत, गुडघ्याच्या वाट्या छताकडे येतील असे पाहावे आणि दोन्ही घोटे हलकेच एकमेकांना टेकवावेत. गुडघ्यांमधील अंतर पट्टीने मोजता येते. ते सहा सेंटिमीटरहून अधिक भरल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. गुडघे जवळ येण्याच्या वयात याच्या उलट करावे. गुडघे टेकवून घोट्यांमधील अंतर मोजावे. ते आठ सेंटिमीटरहून अधिक असल्यास दाखवून घेणे बरे. वाट्या बाहेर वळलेल्या ठेवून मोजल्यास सरळ पायही वाकडे दिसतात, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

एकदा मोजलेल्या आकड्यापेक्षा त्यातील बदल अधिक बोलका असतो. दर तीन महिन्यांनी, त्याच भिंतीसमोर, वाट्या समोर येतील असे उभे करून मुलाचे एक छायाचित्र काढून ठेवावे. मोबाइल फोनवर मुलांची शेकडो छायाचित्रे जमतात, पण पायांची एकही नसते! डॉक्टरांपुढे अशी तीन-चार छायाचित्रे ठेवली, तर बाक कमी होतो आहे की वाढतो आहे, हा निदानातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न काही क्षणांत सुटतो आणि प्रसंगी एक्स-रेही टळतो.

लवकर उभे केले म्हणून?

फेंगड्या पायांची कारणे म्हणून घराघरांत जी यादी सांगितली जाते, तिच्यातील बहुतेक गोष्टींना आधार नाही. लंगोट किंवा डायपर यांमुळे पाय फाकतात, कडेवर घेतल्याने वाकतात, मूल लवकर उभे राहिले म्हणून भाराने बाक आला, हे सारे समज आहेत. कडेवर बसलेल्या मुलाचे पाय आईच्या कमरेभोवती फाकलेले असतात. ही स्थिती खुब्याच्या सांध्याच्या वाढीला उलट पोषकच मानली जाते. निरोगी मूल स्नायूंत बळ आले की आपणहून उभे राहते, त्याला बळेच बसवून ठेवण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांचे निरीक्षण करून २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार आधाराविना चालण्याचे वय सुमारे सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कोठेही असू शकते. शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले, यावरून आपल्या मुलाविषयी काहीच ठरत नाही.

मालीशची परंपरा जुनी आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. हलक्या हाताच्या मालिशाने बाळाला सुख वाटते, झोप लागते, घरातील माणसांचा स्पर्श मिळतो. पण त्याने हाडाचा बाक जात नाही. मालीश करूनच पाय सरळ झाले, असे सांगणाऱ्या आजीचा अनुभव खोटा नसतो. ते पाय मालीश न करताही त्याच वयात सरळ झाले असते, एवढेच. जोर लावून पाय ओढणे, गुडघे दाबणे किंवा सांधे 'मोकळे' करणे यांत मात्र इजेचा धोका आहे.

त्याहून गंभीर बाब म्हणजे पाय सरळ ताणून घट्ट बांधण्याची चाल. नवजात बाळाच्या खुब्याची खोबण पुरती तयार झालेली नसते. मांड्या दुमडलेल्या आणि थोड्या फाकलेल्या असतील, तर मांडीच्या हाडाचा गोल खोबणीत नीट बसतो व खोबण खोल होत जाते. पाय सरळ करून बांधले, की तो बाहेर ढकलला जाण्याचा धोका असतो. जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यावर, नवजात बाळांचे पाय ताणून गुंडाळू नयेत यासाठी देशव्यापी मोहीम झाली आणि खुबा निखळण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. बाळाला दुपट्यात गुंडाळायचे असल्यास छातीपाशी गुंडाळावे आणि कमरेखाली पाय बेडकासारखे हलवता येतील इतकी मोकळीक ठेवावी. सरळ पायांच्या हौसेपायी खुब्याचे आयुष्यभराचे दुखणे ओढवून घेण्यासारखे दुर्दैव नाही. एका मांडीवरील घड्या दुसरीपेक्षा वेगळ्या दिसणे, लंगोट बदलताना एक मांडी कमी फाकणे, एक पाय आखूड वाटणे ही खुब्याच्या बिघाडाची चिन्हे आहेत. ती दिसताच, म्हणजे मूल चालू लागण्याची वाट न पाहता, तपासणी करावी.

बूट आणि पांगुळगाडा

अस्थिरोगशास्त्राला इंग्रजीत ज्या नावाने ओळखतात, तो 'ऑर्थोपेडिक' हा शब्द मुळात मुलांसाठीच घडवला गेला. फ्रेंच वैद्य निकोला आंद्री यांनी १७४१ मध्ये 'सरळ' आणि 'मूल' अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो आपल्या ग्रंथाला दिला. त्या ग्रंथातील वाकड्या रोपट्याला खुंटीशी दोरीने बांधून सरळ करण्याचे चित्र पुढे या शाखेचे बोधचिन्हच बनले. ते चित्र कितीही मोहक असले, तरी निरोगी मुलाच्या पायांना ते लागू पडत नाही. नैसर्गिक बाक असलेल्या मुलांना बूट, पट्ट्या वा कॅलिपर दिल्याने बाक लवकर जातो, असे सिद्ध झालेले नाही. खर्च होतो, मूल चिडते आणि पाय सरळ झाल्यावर श्रेय बुटांना मिळते.

सपाट तळव्यांचेही तेच. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या तळव्याची कमान चरबीच्या गादीखाली झाकलेली असते. ती पाच-सहा वर्षांपर्यंत उमटत जाते. राव आणि जोसेफ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात ४ ते १३ वर्षे वयाच्या २३०० मुलांच्या पाऊलठशांची तपासणी झाली. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. फ्लॅटमधील गुळगुळीत फरशीवर, घरातल्या घरात, मुलाला अनवाणी चालू देण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

चाकांच्या गोल वॉकरविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. त्याने पाय वाकत नाहीत, पण चालणे लवकर येत नाही, उलट थोडे लांबू शकते आणि जिन्यावरून किंवा उंबऱ्यावरून कोसळून होणाऱ्या डोक्याच्या दुखापती ही खरी भीती आहे. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा या बाबतीत बराच शहाणा म्हणायचा. त्यात मूल बसत नाही, स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते.

मुडदूस : जुना आजार, नवी शहरे

आता दुसरी बाजू. फेंगड्या पायांमागे आजार असल्यास आपल्याकडे सर्वप्रथम ज्याचा विचार करावा लागतो, तो म्हणजे मुडदूस. ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडले की वाढत्या हाडात खनिजे नीट साठत नाहीत, हाड मऊ राहते आणि शरीराच्या भाराने वाकते. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५० मध्ये या आजारावर सविस्तर ग्रंथ लिहिला. कारण उमगण्यास मात्र पुढे पावणेतीनशे वर्षे लागली. जपानमध्ये काम केलेले डॉक्टर थिओबाल्ड पाम यांनी १८९० मध्ये, हा आजार धुरकट औद्योगिक शहरांत दिसतो आणि उन्हाच्या देशांत क्वचित आढळतो, हे दाखवून त्याचा संबंध सूर्यप्रकाशाशी जोडला. १९१९ मध्ये बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी केली. त्याच सुमारास मेलनबी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण सिद्ध केला. त्या तेलातील घटकाला पुढे ड हे अक्षर मिळाले.

या शोधकथेत महाराष्ट्राचेही एक पान आहे. १९२० च्या दशकाच्या आरंभी नाशिक येथे हचिसन व शहा या डॉक्टरांनी मुडदुसाची पाहणी केली. खाण्यापिण्याची ददात नसलेल्या, पण पडद्यात राहणाऱ्या घरांतील बायका-मुलांत त्यांना हा आजार सर्रास आढळला. हलाखीत राहणाऱ्या, परंतु दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या कुटुंबांतील मुले मात्र त्यातून बहुतांशी सुटलेली होती. अन्नाच्या तुटीपेक्षा उन्हाची तूट येथे निर्णायक होती. शंभर वर्षांनंतर पडद्याची जागा उंच इमारतींनी, बंद खिडक्यांनी आणि पाळणाघरांनी घेतली आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. दिल्लीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रदूषित मोरी गेट भागातील लहान मुलांच्या रक्तातील ड जीवनसत्त्व तुलनेने स्वच्छ हवेच्या गुडगाव भागातील मुलांपेक्षा बरेच कमी आढळले. धुरके हे किरण अडवते आणि खिडकीची काचही.

'आम्ही तर रोज कोवळे ऊन देतो' असे पालक सांगतात. कोवळ्या उन्हाने बाळाला ऊब मिळते, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळी सात-आठच्या उन्हात नगण्य असतात. ते मध्यान्हाच्या आसपास, साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान पुरेसे मिळतात आणि त्या वेळी तान्ह्या बाळाला उघड्यावर ठेवणे कुणालाच रुचणार नाही. सावळ्या त्वचेला त्याच किरणांतून तेवढेच जीवनसत्त्व तयार करण्यास अधिक वेळ लागतो. आईचे दूध सर्व बाबतींत श्रेष्ठ असले, तरी त्यात ड जीवनसत्त्व अत्यल्प असते, लिटरमागे सहसा १०० युनिटांहूनही कमी. आईलाच त्याची कमतरता असेल, तर बाळ जन्मतः रिकाम्या साठ्यानिशी येते. म्हणूनच पहिल्या वर्षभर प्रत्येक बाळाला रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत, अशी शिफारस आहे. मुडदुसाविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक तज्ज्ञांच्या सहमती-निवेदनातही ती केलेली आहे. लसीकरणाची तारीख न चुकवणाऱ्या अनेक सुशिक्षित घरांत हे थेंब दोन-तीन महिन्यांत बंद पडतात, ही खेदाची बाब होय.

मुडदूस केवळ पायांत दिसत नाही. मनगटे व घोटे जाड होणे, बरगड्यांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी हाताला लागणे, कपाळ पुढे येणे, टाळू दीड वर्षानंतरही न भरणे, दात उशिरा येणे, मूल उशिरा बसणे-चालणे, अंगात त्राण नसणे, वारंवार छातीत कफ होणे ही त्याची लक्षणे आहेत. तान्ह्या बाळात रक्तातील कॅल्शियम फार घसरल्यास झटके येऊ शकतात. यांतील एखादे चिन्ह फेंगड्या पायांबरोबर दिसले, तर वय कितीही असो, थांबू नये. मनगटाचा व गुडघ्याचा एक्स-रे आणि रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज व ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांनी निदान बहुधा होते. मुडदुसात एक्स-रेवर हाडाचे टोक रुंदावून बशीसारखे खोलगट व विसविशीत दिसते.

उपचार साधा आहे, पण तो पुरा करावा लागतो. वर उल्लेखिलेल्या निवेदनानुसार एक वर्षाखालील बाळास रोज २००० युनिट आणि एक ते बारा वर्षे वयाच्या मुलांस रोज ३००० ते ६००० युनिट ड जीवनसत्त्व किमान तीन महिने द्यावे लागते. सोबत आहार व औषध मिळून रोज सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम जावे लागते. कॅल्शियमविना नुसते ड देऊन भागत नाही. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. दूध, दही यांच्या जोडीला नाचणीचे सत्त्व किंवा आंबील ही आपल्या स्वयंपाकघरातील सोय दुर्लक्षण्यासारखी नाही. एक्स-रेवर सुधारणा काही आठवड्यांत दिसू लागते. बाक जाण्यास मात्र वर्ष-दोन वर्षे लागतात आणि लहान वयात उपचार झाल्यास तो बहुतेकदा शस्त्रक्रियेविना जातो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. बाजारात मिळणाऱ्या थेंबांची तीव्रता सारखी नसते. एका बाटलीत मिलिलिटरमागे ४०० युनिट, दुसरीत ८०० असतात, तर मोठ्यांसाठीच्या पुड्या व कॅप्सूल ६० हजार युनिटांच्या असतात. आठवड्याला घ्यायची पुडी रोज दिली गेल्याने किंवा एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर दुसरीकडेही पुन्हा डोस घेतला गेल्याने मात्रा अति होऊ शकते. उलट्या, बद्धकोष्ठ, सतत लघवी, भूक मंदावणे अशी लक्षणे दिसतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. बाटली बदलली की तिच्यावरील आकडा वाचावा आणि दिलेल्या प्रत्येक डोसाची नोंद लसीकरणाच्या कार्डावरच करून ठेवावी.

औषध नीट देऊनही तीन महिन्यांत हाड सुधारले नाही, तर ड जीवनसत्त्वाचे डोस वाढवत नेणे हा मार्ग नव्हे. मूत्रपिंडांतून फॉस्फरस वाहून जाणारा आनुवंशिक मुडदूस, मूत्रपिंडांचे इतर विकार यांचा शोध अशा वेळी घ्यावा लागतो. घरात आणखी कुणी बुटके व वाकड्या पायांचे असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या आनुवंशिक प्रकारावर फॉस्फेट आणि ड जीवनसत्त्वाच्या सक्रिय रूपाचे उपचार दीर्घकाळ चालतात. बुरोसुमॅब या नव्या औषधाला २०१८ मध्ये युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली आहे, पण ते अतिशय महाग आहे.

एकाच पायात बाक असेल तर

नैसर्गिक बाक दोन्ही पायांत सारखा असतो, त्याची कमान सौम्य असते आणि मूल त्यामुळे लंगडत नाही की रडत नाही. एकाच पायातील बाक, गुडघ्याखाली कोयत्यासारखा अचानक आलेला कोन, दोन वर्षांनंतर वाढत जाणारा किंवा तीन वर्षांनंतरही टिकलेला बाक, वेदना, लंगडणे, वयाच्या मानाने खुंटलेली उंची यांपैकी काहीही दिसल्यास बालरोगतज्ज्ञांमार्फत बालअस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. पूर्वी झालेले फ्रॅक्चर किंवा तान्हेपणी सांध्यात झालेला पू यांनीही वाढीच्या चकतीचा एक भाग करपून पाय एका बाजूला वाढू शकतो. असा प्रसंग होऊन गेला असल्यास तो डॉक्टरांना सांगण्यास विसरू नये.

अमेरिकेतील मिलवॉकीचे डॉ. वॉल्टर ब्लाउंट यांनी १९३७ मध्ये सविस्तर वर्णिलेल्या विकारात नडगीच्या वरच्या टोकाशी, आतल्या बाजूची वाढ खुंटते. लवकर चालू लागलेल्या व वजनाने जड मुलांत तो अधिक आढळतो. दोन वर्षांपूर्वी तो नैसर्गिक बाकापासून ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते, म्हणून ते काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात. ही टाळाटाळ नव्हे. येथे काळ हीच तपासणी असते. निदान झाल्यावर मात्र वेळ दवडून चालत नाही. तीन वर्षांखालील काही मुलांत कॅलिपरचा उपयोग होतो आणि तो न झाल्यास चार वर्षांच्या आत शस्त्रक्रिया केली तर बाक परतण्याचा धोका कमी राहतो.

गुडघे जवळ येण्याच्या बाबतीत सात-आठ वर्षांपर्यंत धीर धरण्यास हरकत नाही. त्यानंतरही घोट्यांतील अंतर मोठे राहिले, किंवा दोन वर्षांपूर्वीच गुडघे एकमेकांवर आपटू लागले, तर कारण शोधावे लागते. त्यात मुडदूस येतोच. काही भागांत पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडचाही विचार करावा लागतो. आता तेलंगणात असलेल्या नलगोंडा जिल्ह्यातील मुलांचे असे वाकलेले पाय १९७० च्या दशकातच वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले गेले. महाराष्ट्रातही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळते. तेथून शहरांत आलेल्या कुटुंबांनी ही माहिती डॉक्टरांना द्यावी.

शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्या मुलांवर येते. पूर्वी हाड कापून सरळ करणे आणि पाय प्लास्टरमध्ये ठेवणे हाच मार्ग होता. अलीकडे वाढ शिल्लक असलेल्या मुलांत गुडघ्याजवळ, बाकाच्या बाहेरच्या अंगाला इंग्रजी आठाच्या आकाराची छोटी पट्टी दोन स्क्रूंनी बसवतात. त्या बाजूची वाढ थोपवली जाते, दुसरी बाजू वाढत राहते आणि वर्षभरात किंवा थोड्या अधिक काळात पाय सरळ होतो. मग पट्टी काढून घेतात. मूल थोड्याच दिवसांत चालू लागते. मात्र ही पट्टी वाढीच्याच बळावर काम करत असल्याने वाढ संपण्यापूर्वी दोनेक वर्षे तरी हाती असावी लागतात. मुडदूस सक्रिय असताना घाईने शस्त्रक्रिया केल्यास सरळ केलेले हाड पुन्हा वाकते. म्हणून आधी औषधोपचार, रक्ततपासणीत सुधारणेची खात्री आणि काही काळ निरीक्षण, एवढे झाल्यानंतरही बाक उरला तरच शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला जातो.